सतरा तारखेच्या अलीकडे, पलीकडे

तुमच्या बगलेत फाइल आहे. वर लिहिलंय, मराठवाडा मुक्तिसंग्राम अमृत महोत्सव. साल २०२२. आत ठरलेल्या गोष्टी: ध्वजारोहण, प्रभातफेरी, निबंध स्पर्धा, व्याख्यान, स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा सत्कार. समितीच्या बैठकीला अजून वेळ आहे, म्हणून तुम्ही नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या दशरथेश्वराच्या देवळाकडे निघता. एका वळणावर पायाखालचं डांबर संपतं आणि चिखल लागतो, भाद्रपदातला काळा, पायातलं पायताण ओढून घेणारा.

शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८. अनंत चतुर्दशी. गणपती आज जायचे, पण रस्त्यावर ना झांज ना गुलाल. निजामाच्या या मोगलाईत चारचौघांनी जमायचं तर आधी परवानगी. ‘गश्ती निशान ५३’ नावाच्या हुकमानं सभा-मिरवणुकांच्या पायात दोरी बांधून वीसएक वर्षं होत आली आहेत. त्यात हे लढाईचे दिवस. दारं अर्धी लोटलेली.

एका दुकानाच्या फळीवर तुम्ही टेकता. दुकानदार तुमच्या कपड्यांकडे बघतो.

“कुठून आलाव? उमरखेडाकडून का?”

प्रश्न साधा नाही. हद्दीपलीकडे वऱ्हाडात उमरखेडला निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचं केंद्र आहे. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, त्यांची माणसं तिथून आत येतात, करोडगिरीचे नाके जाळतात, पुन्हा हद्द ओलांडतात. तुम्ही नाही म्हणता. चण्याचे पैसे द्यायला हात खिशात जातो आणि तिथेच थांबतो. इथे हाली शिक्का चालतो, फार तर इंग्रजी अमलातला कलदार. तुमच्या नोटेवर गांधीजी हसताहेत. त्यांना जाऊन आठ महिनेसुद्धा झालेले नाहीत.

“ऱ्हाऊ द्या,” दुकानदार म्हणतो आणि आवाज उतरवून बोलू लागतो. बिलोलीकडे अर्जापूरजवळ स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरेंना मारलं, त्याला या दिवाळीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्याची झोप उडालीय. निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार कधी येतील, काय उचलून नेतील, सांगता येत नाही. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, म्हणजे परका नव्हे, याचं त्याला जास्त लागतं. हैदराबादची एक बातमीही त्याच्यापर्यंत पोचलीय: भारतात सामील व्हा असं लिहिणाऱ्या शोएबउल्ला खान या तरुण संपादकाला गेल्याच महिन्यात रझाकारांनी ठार केलं. “त्यो तर मुसलमानच हुता की,” दुकानदार म्हणतो. हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा.

सोमवारी, १३ तारखेला, भारताचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं. आज संध्याकाळी निजाम रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगणार आहे. तुम्हाला ठाऊक आहे, दुकानदाराला नाही. सांगावं का त्याला? सांगून बघा, तो फळी लावून घेईल. हेर समजेल तुम्हाला. सरकारी पत्रकात सतरा तारीख एका ठोक्यात उजाडते. रेडिओ नसलेल्या गावात ती पायी येते: कुणी बाजाराहून येताना आणतो, कुठे पळून गेलेलं कुटुंब बैलगाडीतून परत आलं की लोकांना पटतं.

इथवर सगळं तुमच्या फाइलशी जुळतं. परत फिरलात तर व्याख्यानाचा मजकूर तयार आहे. पण अजून काही पावलं पुढे या.

आता थंडी आहे, डिसेंबर १९४८. तिरंगा लागलाय, मेजर जनरल चौधरींचा लष्करी अंमल आहे. तुम्ही एका मोटारीत मागच्या बाकावर. पुढे पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार. हीसुद्धा समितीच, दिल्लीनं पाठवलेली. मात्र हिच्याजवळ कार्यक्रमपत्रिका नाही. ही गावोगाव थांबते आणि ऐकते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या दिवसांत हैदराबाद संस्थानच्या सोळापैकी नऊ जिल्हे ती फिरली. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त माणसांशी बोलली. प्रेतं टाकलेल्या विहिरींविषयी ऐकलं, ओस पडलेल्या गल्ल्यांविषयी ऐकलं, विधवांशी बोलली. सप्टेंबरातल्या त्या लष्करी कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, दरम्यान आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. त्यांत बहुसंख्य मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चौघांतच अठरा हजार.

आता मुखेडच्या आजूबाजूला बघा. अहमदपूर, उदगीर, निलंगा तेव्हा बीदर जिल्ह्यात. लातूर, औसा उस्मानाबादेत. म्हणजे या चारांतल्या तीन जिल्ह्यांचा मुलूख हाच. शेजाऱ्यांना वाचवायला उभे राहिलेले, त्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारे हिंदूही समितीनं नोंदवले आहेत. सरदार पटेलांना अहवाल रुचला नाही. तो प्रसिद्ध झाला नाही. कित्येक दशकं कागद दिल्लीत राहिले.

रझाकारांनी जे केलं ते यानं तसूभरही हलकं होत नाही. पानसरेंचं नाव घेताना आवाज दबका करायचं कारण नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच मुलखात, एकामागोमाग घडल्या आणि तुमच्या फाइलीत एकच आहे.

परत या. बैठक सुरू झालीय. मंडप, ध्वनिक्षेपक, शाळांची वेळ यावर चर्चा चालू आहे. खरं सांगायचं तर कुठल्याही महोत्सवाच्या बैठकीत एवढंच असतं. बैठकीतून थोडं पुढे बघा: १७ सप्टेंबर २०२२ ला मुख्यमंत्री औरंगाबादेत सकाळी झेंडा लावून लगेच हैदराबादला जातात. तिथे केंद्र सरकार हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतं, तर त्याच शहरात तेलंगण सरकार राष्ट्रीय एकात्मता दिन. पलीकडे कर्नाटकात तो कल्याण कर्नाटकाचा उत्सव. वर्षभरानं, समारोपाच्या आदल्या दिवशी, छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसतं आणि मराठवाड्यासाठी ४५ हजार कोटींहून जास्त रकमेच्या घोषणा होतात. त्यातल्या किती उतरल्या, ते मुखेडच्या एसटीत बसून विचारा.

शेवटची उडी पुढे मारा. २०४८, शताब्दी. समिती नेमली जाणारच; शासनाला समितीवाचून वर्धापनदिन सुचत नाही. १९४८ पाहिलेलं माणूस सभागृहात जवळपास उरलेलं नसेल, तेव्हा सगळा भार कागदांवर. सुंदरलालांचा अहवाल आता गुप्त राहिलेला नाही, हवा त्याला वाचता येतो. शोएबउल्लांचं नाव हुतात्म्यांच्या यादीत वर घ्यायचं का, गावातल्या व्याख्यानात त्या डिसेंबरचा अर्धा तास ठेवायचा का, हे ठरवणारे सदस्य कोण? अमृत महोत्सवाच्या निबंध स्पर्धेत ज्यांनी पाचवीत असताना भाग घेतला, ते तेव्हा पस्तिशीत असतील. त्यांच्या निबंधाचा विषय तुमची समितीच आज ठरवतेय, आणि अध्यक्ष तुमच्याकडे बघून विचारताहेत, काही सूचना आहे का?