संगणकीय तारीखदोष
जुन्या संगणकप्रणालींतील कालनोंदीच्या मर्यादेमुळे उद्भवणारा दोष. स्मृतिसाठा महाग असल्याने पूर्वी वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविण्याची प्रथा पडली. परिणामी १९०० व २००० यांत भेद उरेना. १९९० नंतरच्या दशकात या दुरुस्तीचे मोठे काम मुंबई-पुण्याच्या कंपन्यांना मिळाले. तरीही १ जानेवारी २००० रोजी अमेरिकी नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळावर ‘१९१००’ हे वर्ष उमटले. १९७० च्या आरंभापासूनचे सेकंद चिन्हांकित ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपेल व त्या १९०१ हे वर्ष दर्शवू शकतील. तारीख चुकल्यास संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात. चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीसारख्या ठिकाणीही सातबारा उतारा व बँकव्यवहार महाजालावरून होत असल्याने अशी उपकरणे वेळीच बदलणे आवश्यक आहे.