विचारलं, ऐकलं, आणि पुढं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि बेदाणा निवडायला जाणाऱ्या एक मावशी बोलून गेल्या, "इतकी वर्षं शेडवर जातोय, पण बाई, तुला काय अडचण आहे, असं एकदाही कुणी विचारलं नाही." सगळ्या जणी गप्प झाल्या. मग आम्ही ठरवलं, कामावरच्या माणसाला विचारायची ही रीत कधी आणि कशी सुरू झाली ते वाचून काढायचं. जे वाचलं आणि त्यातून जे केलं, ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्याच माणसांपासून करू. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत कापडाच्या गिरण्या वाढत होत्या. त्यात राबायला कोकणातून आणि घाटावरून माणसं गेली, आपल्या साताऱ्यातून तर पुष्कळ गेली. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. म्हणजे त्या गिरण्यांत आपल्यापैकी कितीतरी जणींचे पणजोबा-खापरपणजोबा होते, आणि बायकाही होत्या. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम, आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, पगार कधी होईल त्याचा नेम नाही. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण तो लहान मुलांपुरता. बाईच्या कामाच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करायला आयोग नेमला. आता प्रश्न आला, आयोगाला सांगणार कोण? मालक सांगतील, साहेब सांगतील. पण जो साच्यावर उभा आहे, त्याचं काय? तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, स्वतः गिरणीत नोकरी केलेले आणि 'दीनबंधू' हे पत्र चालवणारे. त्यांनी त्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेतल्या. तुम्हाला काय पाहिजे, ते विचारलं आणि कागदावर उतरवलं. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्य मावळला की बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांची नावं पडली.

अर्ज दिला आणि लगेच पदरात पडलं, असं झालं नाही. सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये पुन्हा मोठी सभा भरली, सुमारे दहा हजार माणसांची. त्या सभेत दोन गिरणीकामगार बायका उभ्या राहून बोलल्या. मैत्रिणींनो, आज ग्रामसभेत उठून बोलायचं तर आपले पाय लटपटतात. तो काळ आठवा आणि त्या दोघींना मनातल्या मनात नमस्कार करा. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. सरकारने नवा आयोग नेमला, मुंबईच्या कामात त्याने लोखंड्यांना सोबत घेतलं आणि कामगारांच्या जबान्या झाल्या. १८९१ च्या कायद्यात बाईच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि मधली सुट्टीही आली. आपण सहज 'आज रविवार' म्हणतो, त्याच्यामागे एवढं विचारणं आणि सांगणं आहे.

आता जरा दूर जाऊ, अमेरिकेत. शिकागो शहराजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना होता. तिथं १९२८ पासून कंपनीनेच कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. दोन-अडीच वर्षांत एकवीस हजारांहून जास्त जणांना विचारलं. आधी ठरलेले प्रश्न होते. पण माणसं प्रश्नाचं उत्तर अर्धवट सोडून आपल्या मनातलंच सांगायला लागली. मग विचारणाऱ्यांनी रीत बदलली. प्रश्नांचा कागद बाजूला ठेवायचा, मध्ये तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही, नाव बाहेर फोडायचं नाही. अर्ध्या तासाचं बोलणं तास-दीड तासावर गेलं. नुसतं मोकळं बोलायला मिळालं म्हणूनही माणसांना बरं वाटलं, असं तिथं दिसून आलं.

पण इथंच एक गोम आहे. नुसतं बरं वाटून पोट भरत नाही. पुढे मंदी आली, माणसं कामावरून कमी झाली आणि मुलाखतीही थांबल्या. ऐकून घेणारा कान चांगलाच, पण ऐकलेल्याचं पुढं काय झालं ते कामगाराला कळलं पाहिजे. मुंबईच्या अर्जात माणसांनी आपली मागणी स्वतः मांडली होती आणि ती पुरी होईपर्यंत पाठ सोडली नव्हती. या दोन गोष्टींत आम्हाला हा फरक दिसला.

परत घरी येऊ. सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आधी परवाना नाकारला गेला होता, कारण बँक काढणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी अंगठेबहाद्दर. त्या बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. वाचता येत नसलं तरी हिशोब येतो, हे त्यांनी साहेबांना ठणकावून सांगितलं. मोलमजुरी करणारी बाई बँकेत येऊन बसली तर तिची दिवसाची मजुरी बुडते, हे ओळखून बँकेचं माणूसच तिच्या दारात जायला लागलं. बाईची अडचण कळली की काम कसं बदलतं, त्याचं हे आपल्या भागातलं उदाहरण.

हे सगळं वाचल्यावर आम्ही ठरवलं, आपणही विचारून बघू. त्या मावशींच्या शेडवर पूर्वी एकदा कागद फिरला होता, 'कामावर समाधानी आहात का?' म्हणून. मुकादम शेजारी उभा. सगळ्यांनी 'होय' सांगितलं आणि पुन्हा निवडायला बसल्या. चिठ्ठ्या टाकायच्या म्हटलं तर अक्षर ओळखू येतं, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं?

म्हणून आम्ही मंदिरामागच्या खोलीत पडदा बांधला आणि आत तीन मडकी ठेवली. प्रत्येकीच्या हातात मक्याचा एक दाणा. प्रश्न एकच ठेवला. उद्या काम आहे की नाही, हे तुला कसं कळतं? कामावरून निघतानाच कळत असेल तर दाणा पहिल्या मडक्यात, रात्री स्वतःच्या फोनवर कळत असेल तर दुसऱ्यात, घरातल्या माणसाच्या फोनवर कळत असेल तर तिसऱ्यात. शेवटी मडकी पालथी केली तर तिसऱ्याखाली दाण्यांची रास पडली.

मग एकेक जण बोलायला लागली. फोन नवऱ्याच्या खिशात, तो रात्री उशिरा घरी येतो किंवा सांगायचं विसरतो. सकाळी डबा घेऊन फाट्यावर उभं राहायचं, आणि गाडी येतच नाही. तोवर गावातल्या शेतावरची टोळी निघून गेलेली. दोन्हीकडची मजुरी गेली. उलट काम असलं आणि निरोप मिळाला नाही, तर मुकादम म्हणतो, ही बाई न सांगता दांड्या मारते. एक सून म्हणाली, "मला आळशी म्हणायचे. मला तर माहीतच नसायचं."

आम्ही पाच जणी मिळून मालकांकडे गेलो. कुणाचं नाव घेतलं नाही. मडक्यातले दाणे तिथंच त्यांच्या टेबलावर ठेवले. ते आधी म्हणाले, "फोन तर रोज करतो की!" आम्ही म्हटलं, "करता, मालक, पण आमच्यापर्यंत येत नाही." थोडा वेळ दाण्यांकडं बघत बसले. आता संध्याकाळी सुटायच्या आधी मुकादम दारात उभा राहून उद्याचं काम मोठ्यानं सांगतो आणि फळ्यावर खडूनं लिहितो. फुकट फाट्यावर उभं राहणं बरंच थांबलं. संडासात पाणी पाहिजे, हेही आम्ही मांडलं होतं. त्याला "बघू" एवढंच उत्तर आलं. ते आमच्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे, आणि दर बैठकीत आम्ही ते पान उघडतो.

तुमच्या गटातल्या बायका शेडवर, नर्सरीत, पापडाच्या कामावर जात असतील, तर तुम्हीही विचारा. प्रश्न एक-दोनच ठेवा. मुकादम किंवा मालक समोर नको. नाव कळू देऊ नका. जे निघालं ते ज्यांनी सांगितलं त्यांना आधी परत वाचून दाखवा, मग मालकाकडे जा. आणि गट स्वतः चालवत असाल तर आधी आपल्याच बायकांना विचारा. आम्हीही विचारलं. अध्यक्ष आणि सचिवच सगळं ठरवतात, असे दाणे आमच्याही मडक्यात निघाले. वाईट वाटलं, पण आता कर्ज कुणाला द्यायचं ते भर बैठकीत ठरतं.

पुढच्या बैठकीला एक मडकं आणि मूठभर मका घेऊन बसा. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.