गावच्या पथकाची बैठक : आपत्तीचं प्रशिक्षण कसं ठरवायचं?

पावसाळा तोंडावर आला की ग्राम आपत्ती व्यवस्थापन समितीचे कागद बाहेर निघतात. यादीत नावं भरपूर असतात, पण विहिरीत कोणी पडलं तर दोर कुणाच्या घरी आहे हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही. ग्रामसुरक्षा दल, तरुण मंडळ, महिला बचत गट यांच्या बैठका तशाही होतातच. त्यातला पाऊण तास प्रशिक्षणाला ठेवला तरी वर्षभरात बरंच हाताखालून जातं.

एका बैठकीत एकच विषय घ्यावा. साप, वीज, पूर, आग सगळं एकाच दिवशी सांगितलं की घरी जाईपर्यंत काहीच लक्षात राहत नाही. विषय हंगाम बघून ठरवावा. मे महिन्यात वीज पडणे, त्यासोबत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप प्रत्येकाच्या मोबाईलवर घेणे. जूनमध्ये सर्पदंश. नदीकाठच्या गावांनी पूर त्याच्याही आधी उरकावा. रब्बीत रात्रीचं पाणी द्यायला माणसं जातात, तेव्हा मोटारीचा शॉक. ऊस आणि कडब्याच्या गंजी असतात तेव्हा आग.

शिकवायला कोण?

तहसील कार्यालयात आपत्तीचं काम बघणाऱ्या नायब तहसीलदारांना ग्रामपंचायतीचं पत्र द्यावं, जावक क्रमांक टाकून, तीन-चार आठवडे आधी. जिल्ह्यात ‘आपदा मित्र’ योजनेत तयार झालेले स्वयंसेवक असतील तर त्यांची मागणी पत्रातच करावी. सर्पदंश आणि सीपीआरसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवावं, आगीसाठी जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमनवाल्यांना. शाल-नारळ, सत्कार, प्रास्ताविक यात अर्धा तास जातो आणि साहेबांना पुढच्या गावाला जायचं असतं. तेवढं टाळलं तरी खूप झालं.

हाताने करून बघायचं

सीपीआर उशीवर किंवा भुसा भरलेल्या पोत्यावर शिकायचा, जिवंत माणसाच्या छातीवर दाब देऊन कधीच नाही. मोठ्या माणसाला छातीच्या मधोमध, किमान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब. दोन मिनिटांतच हात भरून येतात, म्हणून माणूस बदलायची सवयही तिथंच लावावी. एका उशीला पाच जणांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर मागचे नुसते बघत राहतात.

बुडणाऱ्यासाठी दोराला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन बांधून फेकायचा सराव करावा. पोहता येतं म्हणून थेट उडी टाकली की बुडणारा गळ्याला मिठी मारतो. वर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं बंद. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब.

सापाच्या बैठकीत तर जुन्या सवयी मोडायच्या असतात : बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-कडी काढायची, हात-पाय फळीला सैल बांधून हलू द्यायचा नाही आणि प्रतिसर्पविष असलेला दवाखाना गाठायचा. ते आपल्या केंद्रात आहे का, हे डॉक्टरांना त्याच बैठकीत विचारून घ्यावं. मांत्रिकाकडे नेण्यात जाणारा वेळ परत मिळत नाही.

शॉकमध्ये आधी पुरवठा बंद, मगच माणसाला हात. मेन स्विच कुठं आहे हे घरातल्या बाईमाणसालाही माहीत पाहिजे. अकरा केव्हीची तार तुटली असेल तर कोरडी काठीसुद्धा चालत नाही. लांब थांबून महावितरणला फोन.

फोनचीही तालीम

108 किंवा 112 ला उगाच फोन लावायचा नाही. पथकातल्याच एकाने फोन घेणारा व्हावं, दुसऱ्याने सांगावं : गाव, तालुका, कोणता फाटा, वस्तीचा रस्ता कुठून, माणूस शुद्धीवर आहे का. ‘आमच्या मळ्यात’ एवढंच सांगून गाडी सापडत नाही. फाट्यावर बॅटरी घेऊन कोण थांबणार, तेही ठरवावं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्यावा.

बैठकीची वेळ ठरवताना एक गोष्ट बघावी. दुपारी बाप्ये कामावर किंवा तालुक्याला असतात. घरी बाया, म्हातारी आणि पोरं. म्हणून तोच विषय बचत गटाच्या बैठकीत दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. शेवटी वहीत लिहून ठेवावं : आज काय शिकलो, दोर आणि स्ट्रेचर कुणाकडे, रात्री गाडी कोण काढणार, आणि तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण.