कॉफीचा कप कोणाचा?

स्मरणिका समितीचं फर्मान आलं, “सर, तुम्ही इतिहासाचे. काहीतरी इतिहासावर लिहा, पण जड नको.” ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे ‘जड नको’ हे ऐकायची सवय आहे. सोसायटीचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिलाच आहे. म्हणून मी कॉफीवर लिहायचं ठरवलं. हसू नका. आपली सोसायटी उभी राहिली ती कॉफीवरच, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

२००० साली नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं. त्याआधी वर्षभर आपण दर रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये जमत होतो. खुर्च्या ज्याने त्याने घरून आणायच्या. बिल्डर सोसायटी स्थापन करून द्यायला टाळाटाळ करत होता, पाणी दिवसाआड होतं आणि जिन्यात दिवे नव्हते. पहिल्या दोन-तीन सभांना माणसं यायची, भांडायची आणि अर्ध्या तासात उठून जायची. चौथ्या रविवारी ‘ब’ विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मामींनी मोठी स्टीलची किटली भरून कॉफी खाली पाठवली. त्या दिवशी सभा दोन तास चालली. माणसं कॉफीसाठी थांबली आणि थांबली म्हणून बोलली. अर्जावरच्या सह्या त्याच दिवशी पूर्ण झाल्या.

मामी मूळच्या पालघाटच्या. त्यांच्या ओट्यावर पितळेचा फिल्टर असायचा. दोन भांडी एकावर एक, वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं. वर कॉफीची पूड घालून ती चकतीने हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून विसरून जायचं. खाली थेंब थेंब करून काळा अर्क उतरतो. दूध वेगळं तापवायचं, आयत्या वेळी दोन्ही एकत्र करायचं आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतत फेस आणायचा. पूड दाबली जास्त तर अर्क उतरत नाही, कमी दाबली तर नुसतं पाणी उतरतं. मामींचा हात कधी चुकला नाही. माझ्या बायकोने तसाच फिल्टर आणला. आमच्याकडे आठवडाभर पाणीच उतरलं.

आपल्या मराठी घरांत कॉफी म्हणजे वेगळंच प्रकरण. रोजचा तो चहा. कॉफी आजाऱ्याला, परीक्षेच्या रात्री जागणाऱ्या मुलाला, नाहीतर ‘आम्ही चहा घेत नाही’ म्हणणाऱ्या पाहुण्याला. दुधात साखर घालून उकळायची, वर चिमूटभर पूड आणि जायफळ. जायफळाने झोप येते आणि कॉफीने जाते, मग दोन्ही एकत्र का घालतात हे मी आईला विचारलं होतं. “पी मुकाट्याने,” एवढंच उत्तर मिळालं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे पॉल्सनच्या कॉफीचा डबा असायचा. मुंबईच्या ज्या पारशी गृहस्थांनी हा धंदा काढला त्यांनी सुरुवात कॉफीच्या पुडीनेच केली, लोणी नंतर आलं. लोणी इतकं गाजलं की ‘पॉल्सन लावणे’ हा आपल्या बोलीत खुशामतीचा वाक्प्रचार होऊन बसला. त्या लोण्यासाठी गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून दूध जायचं. भाव परवडेना, तेव्हा शेतकऱ्यांनी १९४६ साली दूध घालायचं बंद केलं आणि आपला सहकारी संघ काढला. त्याचंच पुढे अमूल झालं. आज आपल्या कॉफीत पडणारं पिशवीचं दूध बऱ्याचदा अशाच एखाद्या सहकारी संघाचं असतं.

आता थोडं मागे जाऊ. कॉफीचं झाड आपल्याकडचं नाही. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी फकीर हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असं परंपरा सांगते. बियाणं बाहेर जाऊ द्यायचं नाही असा तिकडचा कडक बंदोबस्त होता, म्हणून लपवून. त्या डोंगररांगेला आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. तिथली गुहा दर्गा म्हणून पूजतात आणि दत्तपीठ म्हणूनही. त्यावरून वादही झाले, पण तो आजचा विषय नाही. मला एवढंच वाटतं की, एका फकिराच्या सात बियांवर पुढे सबंध दक्षिणेची सकाळ उभी राहिली.

मात्र कॉफी कोणाबरोबर प्यायची हा प्रश्न तिच्या पाठोपाठ आलाच. मद्रासकडे हॉटेलांना ‘कॉफी क्लब’ म्हणायचे. त्यातल्या कित्येक ठिकाणी ब्राह्मणांची बसायची जागा वेगळी आणि इतरांची वेगळी असे. तिरुवल्लिक्केणी भागातल्या एका हॉटेलाच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द होता. तो काढावा म्हणून पेरियारांच्या अनुयायांनी १९५७ साली सत्याग्रह सुरू केला. रोज माणसं जायची, अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी दुसरी जायची. कित्येक महिन्यांनी पाटीवरून तो शब्द गेला.

आपण मराठी माणसांनी यावर ‘बघा, तिकडे कसं होतं’ म्हणायचं कारण नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि एवढ्या मोठ्या माणसांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! आणि ज्यांना चहा सोडाच, तळ्याचं पाणीही घेऊ देत नव्हते, त्यांच्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. हा धडा मी आठवीला वर्षानुवर्षं शिकवला. पुढे जे सांगणार आहे ते या वाक्यासकट वाचा.

२००३ साली मी सेक्रेटरी होतो. मासिक सभेला कॉफी होतीच, ऑफिससाठी आपण दोन डझन कप घेतले होते. कोणीतरी विषय काढला की वॉचमन आणि सफाईवाल्या बाई हेच कप वापरतात, तर त्यांच्यासाठी वेगळे असावेत. ठराव झाला. प्रोसीडिंग बुकात माझ्याच अक्षरात आहे: ‘कर्मचारी वर्गासाठी दोन स्वतंत्र कप खरेदी करण्यात यावेत.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एका मिनिटाचा विषय. निळ्या रंगाचे दोन कप आले आणि वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लटकले.

मामी कमिटीवर नव्हत्या. त्यांना किटली परत आली तेव्हा कळलं. जिन्यात मला थांबवून त्या म्हणाल्या, “सेक्रेटरी, आमच्या गावाला हॉटेलात वेगळा पेला मी बघितलाय. तो पेला आपण धुवायचा, आपणच ठेवायचा. माझ्या कॉफीला ते नको.” मी स्वच्छतेचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तुमचा पण वेगळा करा.” पुढच्या सभेला किटली आली नाही. आम्ही बाहेरून चहा मागवला. सभा पंचवीस मिनिटांत आटोपली.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या बंद पडल्या. आपल्या आवारात कमरेइतकं पाणी होतं. तळमजल्याची कुटुंबं वर आली, वॉचमनची बायको आणि दोन मुलं ‘ब’ विंगच्या जिन्यात बसली. वीज नव्हती. मामींनी सगळ्या घरांतलं दूध गोळा केलं आणि रात्रभर गॅसवर पातेलं ठेवलं. फिल्टर वगैरे काही नाही, जी मिळेल ती कॉफी. कल्याणपर्यंत रुळांवरून चालत आलेले लोक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, त्यांनाही तीच. वाट्या, ग्लास, बाटलीची झाकणं, जे हाताला लागेल त्यातून आम्ही प्यायलो. वॉचमनच्या धाकट्या मुलीने ज्या कपातून घेतली तोच मी न धुता पुढे केला. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पाणी ओसरलं. केबिन धुऊन काढली. आठवड्याने पाहतो तर निळे कप पुन्हा खिळ्याला होते. कोणी लावले कुणास ठाऊक. कोणी सांगितलं नसणार, त्यानेच लावले असतील. मी पाहिलं आणि काही बोललो नाही.

२००८ च्या मे महिन्यात आम्ही केरळला गेलो होतो. तिरुवनंतपुरमला बस स्टँडसमोर इंडियन कॉफी हाउसची गोल, वर चढत जाणारी लाल विटांची इमारत आहे. लॉरी बेकर यांनी बांधलेली. आत सरळ मजले नाहीतच, उतरणीवरच टेबलं लावलेली. तुऱ्याचा पांढरा फेटा बांधलेल्या वेटरने कॉफी आणली. मी सहज विचारलं, “याचे मालक कोण?” तो म्हणाला, “हमही हैं.” मला वाटलं गंमत करतोय.

गंमत नव्हती. ही कॉफी हाउसं मूळची सरकारी. मळेवाल्यांच्या कॉफीला देशात गिऱ्हाईक मिळावं म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली पहिलं कॉफी हाउस काढलं, तेही आपल्या चर्चगेटला. चाळीसच्या दशकात देशभर पन्नासेक झाली. कारकून, विद्यार्थी, लेखक, पुढारी अशी सगळी गर्दी. एका कपावर दोन तास बसा, कोणी उठवत नसे. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर कॉफी बोर्डाने ती बंद करायचं ठरवलं आणि कामगारांच्या नोकऱ्या जायची वेळ आली. तेव्हा कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं की सहकारी संस्था काढा आणि कॉफी हाउसं तुम्हीच चालवायला घ्या. १९५७ साली बंगलोरला आणि दिल्लीला, १९५८ साली त्रिचूरला अशा संस्था निघाल्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या टेबलावर कप नेऊन ठेवले, ते सभासद झाले. वेटरला एक मत आणि मॅनेजरलाही एकच. आपल्याकडे थ्री बीएचकेवाल्याला एक मत आणि वन रूम किचनवाल्यालाही एकच, तसंच. तिरुवल्लिक्केणीच्या पाटीसाठी माणसं तुरुंगात जात होती तेही १९५७ सालच. इतिहासाच्या मास्तराला अशी सालं जुळली की बरं वाटतं. त्या दिवशी मात्र मला माझं प्रोसीडिंग बुक आठवलं.

परत आल्यावर मी विषय सभेत ठेवला. तेव्हा मी सेक्रेटरी नव्हतो, साधा सभासद. चर्चा बरीच तापली. ‘सरांना केरळचं पाणी लागलं’ असं एकजण म्हणाले. एका वहिनींनी काविळीची भीती सांगितली आणि ती खरी होती, त्या वर्षी इमारतीत दोघांना कावीळ झाली होती. शेवटी सगळेच कप गरम पाण्याने धुवायचे असं ठरलं आणि जुना ठराव पाच विरुद्ध तीन मतांनी रद्द झाला. दुसऱ्या महिन्यात मामींची किटली पुन्हा खाली आली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वॉचमनकाकांनी सोसायटीचा कप हातात घेतलाच नाही. ते घरून आपला स्टीलचा ग्लास आणायला लागले. मी म्हटलं, “काका, आता वेगळं काही नाही. ठराव रद्द केलाय.” ते म्हणाले, “असू द्या सर, सवय झाली.” पाच वर्षांत लागलेली सवय मोडायला किती वर्षं लागतात ते मला माहीत नाही. २०१४ साली ते बुलढाण्याला गावी परत गेले, तोवर ग्लास त्यांचाच होता.

आता रौप्यमहोत्सवासाठी सोसायटीचं नाव घातलेले कप करून घेतले. कमिटीने हिशोब विचारला तेव्हा मी ३२ सदनिकांचे प्रत्येकी दोन म्हणजे ६४, सध्याचे वॉचमन, सफाई कर्मचारी आणि पंपवाले मिळून ६, आणि आणखी २ असे ७२ सांगितले. सगळे एकाच रंगाचे. ते वरचे दोन कुरिअरने पाठवले, एक बुलढाण्याला आणि एक कोइमतूरला, जिथे मामी आता मुलाकडे असतात. बुलढाण्याहून अजून काही कळलेलं नाही. मामींचा फोन परवा आला. कप मिळाला म्हणाल्या, पण लहान आहे, त्यांच्या पेल्याएवढी कॉफी त्यात मावत नाही.