काळा मीना, केसांची बट

सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कवटी कोरलेल्या अंगठ्या घालत. त्या कोणा एका मृतासाठी नसत. घालणाऱ्यालाच स्वतःच्या मरणाची आठवण राहावी, एवढाच हेतू असे. त्याच काळात, आप्तमित्रांनी आपल्या आठवणीत घालायच्या अंगठ्यांसाठी मृत्युपत्रांत पैसे ठेवण्याची रीत पडली. शेक्सपिअरने १६१६च्या मृत्युपत्रात हेमिंग्ज, बर्बेज आणि कॉन्डेल या सोबतच्या नटांना अंगठीसाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले. रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सच्या १७०३मधील अंत्यविधीला शंभरावर अंगठ्या वाटल्या गेल्या, त्याही तीन वेगवेगळ्या किमतींच्या. आपण किती जवळचे होतो, हे पाहुण्याला हातात अंगठी पडताच कळत असणार.

अठराव्या शतकात या शोकाच्या अंगठीला ठरावीक घाट आला. पट्टीवर मीना आणि त्यात सोन्याच्या अक्षरांत नाव, मृत्यूची तारीख, वय. काळा मीना बहुधा विवाहितांसाठी. अविवाहितांसाठी आणि मुलांसाठी पांढरा. पांढऱ्या पट्टीवर वयाचा एकच आकडा असला, तर बाकीचे वाचायची गरज उरत नाही.

शोकाच्या दागिन्यांत सर्वांत जपलेली वस्तू मात्र सोने नव्हे, मृताचे केस. शरीर नासते, केस टिकतात. तान्ह्या बाळाचे आखूड जावळ काचेखाली बसवत. लांब केस सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांचा तेलकटपणा काढत. मग मध्ये भोक असलेल्या गोल मेजाभोवती त्यांच्या बारीक बटा पसरत, प्रत्येकीच्या टोकाला शिशाचे वजन बांधत आणि आलटूनपालटून त्यांचा गोफ विणत. त्याची साखळी किंवा कंकण होई. सोनार फक्त फासा बसवून देई. कारागीर दुसऱ्याचेच केस विणून देतात, असा संशय कायम असे. म्हणून अनेक बायका हे काम घरीच शिकत.

१४ डिसेंबर १८६१ रोजी राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट वारला. राणीने १९०१मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत काळे वस्त्र सोडले नाही. दरबाराने जेटचे दागिने घातले आणि देशाने त्याची री ओढली. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षे गाडले गेलेले लाकूड. ते यॉर्कशरच्या व्हिटबी गावाजवळच्या समुद्रकड्यांत सापडते. १८७०च्या आसपास या लहानशा बंदरात हजाराहून अधिक लोक त्यावर पोट भरत होते. ज्यांना ते परवडत नसे, ते काळी काच घेत. दोन्हींतला फरक हाताला कळतो: काच गार आणि जड लागते, जेट हलके आणि कोमट.

शतक सरताना ही आवड ओसरू लागलीच होती. पहिल्या महायुद्धाने ती जवळजवळ संपवली. घरोघरी माणसे गेली, आणि फ्रान्समध्ये पडलेल्या ब्रिटिश सैनिकांचे देह मायदेशी आणायला बंदी होती. बट कापून घ्यायला समोर कोणी नव्हते. लॉकेटात आता गणवेशातला फोटो बसू लागला.