मोटारीची चकाकी आणि तिच्याखालचे कष्ट

श्रोते हो, जुन्या मोटारींचे प्रदर्शन कुठे भरले, की लोक इंजिनाकडे मागाहून वळतात. आधी नजर जाते ती समोरच्या चकचकीत जाळीवर, बंपरवर आणि दिव्यांभोवतीच्या कड्यांवर. ही चकाकी चांदीची नव्हे, की पोलाद घासून आणलेलीही नव्हे. ते आहे क्रोमियम धातूचे पाणी, म्हणजेच मुलामा. हा मुलामा उडाला, खालून गंज वर आला, तर तो पुन्हा कसा चढवायचा? त्याचे उत्तर त्याच्या इतिहासातच दडलेले आहे.

सुरुवातीच्या मोटारींवर क्रोम नव्हते, होते पितळ. अमेरिकेत १९०८ साली फोर्डची मॉडेल टी निघाली, तिचा रेडिएटर पितळेचा होता. आपल्या घरची समई चिंचेने घासावी लागते, तसे मोटारीचे पितळही वरचेवर घासावे लागे. १९१७ च्या मॉडेलपासून फोर्डने पितळ काढून काळ्या रंगाचा पत्रा बसवला. इतर मोटारींवर हळूहळू निकेलचा मुलामा आला. निकेल पितळेपेक्षा बरे; पण उघड्या हवेत तेही पिवळट, मंद होते.

क्रोमियम धातू तर फार आधी सापडला होता. १७९७ साली वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सैबेरियातून आलेल्या तांबड्या खनिजात तो ओळखला. त्याचे क्षार नाना रंगांचे, म्हणून ग्रीक भाषेतील ‘रंग’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. परंतु विजेच्या साहाय्याने तो दुसऱ्या धातूवर भरवशाने चढवता येईना. ती युक्ती कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांना १९२४ साली साधली. पुढे दोन-तीन वर्षांतच ओल्ड्समोबिल मोटारीवर क्रोम झळकू लागले.

आता एक गंमत ऐका. आपण ज्याला क्रोमचा बंपर म्हणतो, त्यात क्रोम किती असते? माणसाचा केस घ्या आणि त्याच्या जाडीचे दोनशे भाग कल्पा. त्यांतला एखादा भाग, एवढाच क्रोमचा थर! त्याच्याखाली निकेलचा बराच जाड थर असतो, पुष्कळदा त्याखाली तांब्याचाही असतो आणि सर्वांत खाली पोलाद. गंजाला अडवते ते मुख्यतः निकेल. क्रोम फक्त निकेलला मळू देत नाही आणि ओरखड्यांपासून जपते.

याचा दाखला लढाईच्या काळाने दिला. १९४२ च्या आरंभी अमेरिकेत धातू वाचवण्यासाठी मोटारींच्या पट्ट्यांवर नुसता रंग दिला गेला आणि फेब्रुवारीत खाजगी मोटारींचे उत्पादनच थांबले. पुढे कोरियाच्या युद्धात निकेलची टंचाई झाली. तेव्हा १९५२ च्या सुमाराच्या कित्येक मोटारींवर निकेलशिवाय, तांब्यावरच क्रोम चढवून वरून पारदर्शक रोगण फासले गेले. दुकानात मोटार नवीकोरी दिसे. पण पाऊस-थंडी लागताच तिच्यावर लवकरच गंजाचे ठिपके उमटत. वरची चमक तीच, खालचा आधार मात्र गेलेला! टंचाई सरल्यावर चकाकीला ऊत आला. १९५८ च्या ब्यूक मोटारीच्या जाळीत क्रोमचे १६० चौकोन होते.

आपल्याकडेही ही चकाकी आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी सुरू झाली. पुढे फियाट आली. अशा गाड्या हौसेने जपणारे लोक आजही आहेत.

तर मग जुन्या जाळीला नवे तेज कसे आणतात? कल्हईवाल्याचे काम आठवा. तो आधी भांडे स्वच्छ करतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि मगच कथील फिरवतो. इथेही तेच. भाग सुटे करायचे, जुना मुलामा पूर्ण उतरवायचा, पोचे ठोकून काढायचे, गंजाचे खड्डे घासून सपाट करायचे. मग तांब्याचा थर, पुन्हा घासणे, निकेल आणि अगदी शेवटी क्रोम. हे शेवटचे काम काही मिनिटांचे. आधीची घासाई दिवसेंदिवस चालते. खालचा एखादा ओरखडा राहिला, तर क्रोम तो लपवत नाही, उलट उठून दाखवते.

जाळीचे आणि नक्षीचे भाग पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते फार नाजूक. आम्ल जस्ताला खाते, म्हणून तीव्र आम्लात ते बुडवता येत नाहीत. त्यांचे खड्डे एकेक कोरून, आधी तांबे चढवून, मग डाग देऊन भरावे लागतात. एका लहानशा भागाला एवढी किंमत का पडते, ते आता कळले असेल.

पण श्रोते हो, खरी किंमत पैशांत मोजून संपत नाही. जुन्या पद्धतीच्या हौदात क्रोमिक आम्ल असते. वीज सोडली की बुडबुडे उठतात आणि त्यांच्याबरोबर विषारी तुषार हवेत येतात. त्याने कामगारांच्या हातांवर व्रण पडत, नाकाच्या पडद्याला भोक पडे. या प्रकारच्या क्रोमियमने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली दिला. सांडपाणी तसेच सोडले, तर विहिरी आणि नाले नासतात. कॅलिफोर्नियाने तर सजावटीसाठी हे आम्ल २०२७ पासून बंद करण्याचा नियम २०२३ साली केला. कमी घातक अशा दुसऱ्या प्रकारच्या क्रोमियमचे हौद १९७०-८० च्या दशकापासून वापरात आहेत. त्याच्या रंगात किंचित फरक दिसतो, म्हणून काही हौशी लोक नाक मुरडतात. पण छटा मोठी, की कामगाराचे फुप्फुस मोठे?

म्हणून नियम साधा ठेवावा. जे नुसते मळले आहे, त्याला पुन्हा मुलामा देऊ नये. ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने घासावा. वरवरचा गंज निघतो. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत. मग भाग धुऊन, कोरडा करून मेण लावावे. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करून दाखवता येईल. सायकलच्या जुन्या हँडलवर पुष्कळदा हाच मुलामा असतो. मुलामा चढवण्याचा उद्योग मात्र घरी करू नये. द्यायचेच झाले, तर जिथे धूर ओढून घेण्याची आणि पाणी शुद्ध करण्याची सोय आहे, अशाच ठिकाणी काम द्यावे, आणि तिथे चार पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नये. ते चार पैसे तिथे काम करणाऱ्याच्या जिवासाठी आणि शेजारच्या गावाच्या पाण्यासाठी असतात.