अस्मानी की सुलतानी? कन्नडच्या काळ्या पाषाणापासून तापत्या पृथ्वीपर्यंत

१/ ३१ ऑगस्ट २०२१. अतिवृष्टीने कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या, महामार्ग बंद पडला. पायथ्याशी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. अशा प्रत्येक संकटानंतर एक वाद नव्याने रंगतो : हवामान बदलते आहे ते निसर्गक्रमाने, की माणसाच्या करणीने? मराठीत या प्रश्नाला फार जुना शब्दप्रयोग आहे : अस्मानी की सुलतानी?

२/ ‘अस्मानी’ म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द कन्नडच्या घाटात उभा आहे. पायऱ्यांसारखे एकावर एक बसलेले काळ्या पाषाणाचे थर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेला लाव्हा. दख्खनचा हा बेसाल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

३/ या उद्रेकांनी वातावरणात अफाट प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू सोडले. डायनासोरांच्या अस्ताआधी पृथ्वी काही अंशांनी तापली होती, अशी नोंद सागरतळाच्या गाळात सापडते. अनेक संशोधक तिचा संबंध दख्खनच्या लाव्ह्याशी जोडतात. तेव्हा माणूस नव्हता, कोळशाची खाण नव्हती. निसर्ग एकटा हवामान पालटू शकतो, हे मान्यच करावे लागते.

४/ मात्र याच पाषाणात या युक्तिवादाची मर्यादाही आहे. ते उद्रेक लाखो वर्षे चालले. पुढे हाच बेसाल्ट ऊन-पावसाने झिजला आणि झिजताना त्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला. कन्नडच्या शिवारातील कपाशीची काळी जमीन त्याच झिजेतून घडली. निसर्गाने ताप वाढवला आणि उतरवलाही. पण त्याचे मोजमाप लाखो वर्षांचे होते.

५/ आता लिखित इतिहासाकडे. परंपरेनुसार १३९६ पासून बारा वर्षे दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. १६३०–३२ च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात उद्ध्वस्त केले. शाहजहानच्या दरबारी इतिहासकारानेही त्याची भीषणता नोंदवली. पाऊस रुसला होता आणि त्याच वेळी मोगल फौजा दख्खनमध्ये लढत होत्या. अस्मानी आणि सुलतानी एकाच वेळी कोसळली होती.

६/ दोहोंतला वाद जाहीरपणे झडला तो १८७६–७८ च्या दुष्काळात. कन्नड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दुष्काळ हैदराबाद, म्हैसूर, मद्रास आणि मुंबई इलाख्यात पसरला. विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८७७ मध्ये दुष्काळाचा संबंध सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राशी जोडला. या मताने दोष सूर्याकडे जात होता.

७/ त्याच काळात पुण्याची सार्वजनिक सभा दुष्काळी जिल्ह्यांची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. शेतसारा, मदतकामावरील तुटपुंजी मजुरी, उपासमारीच्या काळातही सुरू राहिलेली धान्याची निर्यात : हे प्रश्न आकाशाचे नव्हते, राज्यकारभाराचे होते. पाऊस न पडणे आणि माणसे मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे या वादातून स्पष्ट होत गेले.

८/ पावसाचे कोडे पुढे निराळ्या दिशेने उकलले. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख राहिलेले गिल्बर्ट वॉकर यांनी १९२४ मध्ये हिंदी आणि प्रशांत महासागरांवरील हवेच्या दाबाच्या हेलकाव्याला नाव दिले : सदर्न ऑसिलेशन. १८७७ चे अवर्षण प्रबळ ‘एल निनो’शी निगडित होते, हे नंतर उमगले. पाऊस हुकणे अस्मानी होते. पण भूकबळींच्या संख्येत सुलतानीचा वाटा मोठा होता. कारणे तपासून वेगळी करता येतात, हा या प्रकरणाचा धडा.

९/ तीच तपासणी आजच्या तापमानवाढीला लावावी. पहिला संशयित सूर्य. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. तीत अकरा वर्षांचे चढउतार दिसतात, सतत वाढ दिसत नाही. शिवाय सूर्यामुळे ताप वाढला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा स्थितांबर थंड होत आहे. हे लक्षण उष्णता अडवून धरणाऱ्या वायूंचे आहे.

१०/ दुसरा संशयित ज्वालामुखी. आजचे सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाकाठी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. केवळ कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन सोडतो. तिसरा संशयित एल निनो : तो समुद्रातील उष्णता इकडून तिकडे हलवतो, एखादे वर्ष अधिक तापवतो, पण शतकभर चढत जाणारा आलेख त्याने घडत नाही.

११/ चौथा संशयित माणूस. त्याच्यावरचा संशय आजचा नाही. १८५६ मध्ये युनिस फूट यांनी कार्बन डायऑक्साइड उन्हात अधिक तापतो, हे प्रयोगाने दाखवले. थोड्याच वर्षांत जॉन टिंडल यांनी उष्णता शोषणारे वायू मोजले. १८९६ मध्ये आऱ्हेनियस यांनी हा वायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर यांनी तापमानाच्या जुन्या नोंदी जुळवून वाढ सुरू झाल्याचे सांगितले. गणित आधी झाले, वाढ नंतर दिसली.

१२/ १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो ४२० च्या पुढे आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली जुनी हवा सांगते, की औद्योगिक काळापूर्वी तो सुमारे २८० होता आणि गेल्या आठ लाख वर्षांत कधी ३०० च्या फारसा पुढे गेला नव्हता.

१३/ हा वाढीव कार्बन माणसाचाच कशावरून? कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास या सुवर्णकाराचे नाव ब्राह्मीत कोरलेले आहे. त्यामुळे कर्त्याविषयी वाद उरत नाही. हवेतील कार्बनवरही अशी नाममुद्रा आहे.

१४/ पुरातत्त्वज्ञ ज्या कार्बन-१४ ने प्राचीन वस्तूंचे वय ठरवतात, तो कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात आणि तेलात उरलेलाच नसतो. ते जळाले की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण घटते. ही घट १९५५ मध्ये हान्स सूस यांनी दाखवली. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो. पण कोळसा आणि तेल प्राचीन जीवांपासून बनल्याने त्यांत कार्बन-१३ कमी असतो आणि हवेतही तोच घटतो आहे. सोबत प्राणवायूही किंचित कमी होतो आहे. ही खूण ज्वलनाची आहे.

१५/ म्हणून २०२१ मध्ये आंतरशासकीय हवामान मंडळाने मानवी प्रभाव निःसंदिग्ध ठरवला. १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक तापलेली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी सिद्ध केलेल्या २०२० च्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ दरम्यान सुमारे ०.७ अंशाने वाढले.

१६/ याचा अर्थ औट्रम घाटातील प्रत्येक दरड तापमानवाढीच्या खात्यावर टाकावी असा नाही. तीव्र उतार, झिजलेला खडक आणि डोंगर कापून केलेला रस्ता यांचाही हिशेब असतो. मात्र एक अंश वाढीमागे हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे मुसळधार पावसाचे बळ वाढते, हे भौतिकशास्त्र आहे.

१७/ वादाच्या निकालावर बरेच अवलंबून आहे. ताप अस्मानी ठरला तर कन्नडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने नशिबाकडे पाहायचे आणि कोणी कोणाला जाब विचारायचा नाही. १८७७ मध्ये सूर्याच्या डागांकडे बोट दाखवले जात असताना सार्वजनिक सभा सारा आणि मजुरीचे आकडे मांडत राहिली. आज मांडायचे आकडे कार्बनचे आहेत : कोणी किती जाळला, केव्हापासून, आणि झळ कोणाला बसते. दख्खनच्या पाषाणाने एकदा तो कार्बन शोषून घेतला होता. त्याला लाखो वर्षे लागली. कन्नडच्या शेतकऱ्याच्या हाती पुढच्या मृगापर्यंतचाच अवधी आहे.